कासवासाठी आठ बाय चार

३ ऑक्टोबर, शनिवार
कासव आलं. बायको (कागदोपत्री अजून बायकोच) खोक्यात घालून घेऊन आली. अट अशी: महिनाभर घरात कासवाची नीट सोय करून दाखव, मग लेक दर शनिवार-रविवार तुझ्याकडे राहायला येईल. पहिली खेप ३१ तारखेला. माझ्यावर एखादा जीव सोपवता येतो का, हे बाईसाहेबांना बघायचंय. वीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन मॉड्युलर किचनची मापं घेतोय, आजवर अर्ध्या इंचाची चूक नाही. आणि परीक्षा कसली, तर कासवाची! डाव्या हातचा मळ.

४ ऑक्टोबर, रविवार
आमच्या दुकानातून एक रिजेक्ट झालेली काचेची शोकेस उचलून आणली. तीन फूट बाय दीड. आत पांढऱ्या टाइल्स, एलईडी पट्टी. देखणं काम! कासव काचेला नाक लावून सकाळपासून चालतंय. व्यायाम उत्तम. लेकीला फोटो पाठवला. तिने कळवलं की बाबा, त्याला काच कळत नाही, ते बाहेर पडायला बघतंय. अकरा वर्षांची पोर. आई पढवते, दुसरं काय.

८ ऑक्टोबर, गुरुवार
कासव खात नाही. काकडीकडे ढुंकून पाहिलं नाही. रुसलंय. तोंड फिरवून बसायची त्या घरातली पद्धतच आहे, मी चौदा वर्षं पाहिली. आजपासून लाड बंद. भूक लागली की येईल वठणीवर.

९ ऑक्टोबर, सकाळी ८.१५
लाड सुरू. डोळे चिकटलेत त्याचे. घाबरलो. हाफ डे टाकला.
दुपारी: प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी झाप झाप झापलं. म्हणे शोकेस विकायच्या वस्तूंसाठी असते. भिंती आरपार न दिसणाऱ्या हव्यात, वरून उघडं, खाली माती, एक टोक गरम, दुसरं गार. वर उन्हासारखा खास दिवा, कारण खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्याच्या उपयोगाचं नाही. जागा किती? आठ फूट बाय चार! कासवाला की म्हशीला, असं मी विचारलं. बाई हसल्या नाहीत. मला आयुष्यात विनोद कळणारी बाई भेटलीच नाही.

११ ऑक्टोबर, रविवार
माझी एक खोली, एक किचन. खोली नऊ बाय सात. पलंग काढला तर आठ बाय चार आरामात बसतं. पलंग खालच्या लाँड्रीवाल्याला देऊन टाकला. मी किचनमध्ये गादी टाकतो, पाय सिंकखाली जातात. कडक जमीन पाठीला चांगली असते असं डॉक्टर सांगतात. कुठले ते आठवत नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार
वॉटरप्रूफ प्लायचा हौद तयार. कोपरे असे जुळलेत की पोस्टकार्ड शिरणार नाही. चार इंच माती, लपायला अर्धं मडकं, पाण्याचं पसरट ताट, दोन थर्मामीटर. लाँड्रीवाला बघायला आला आणि म्हणाला, साहेब, तुमच्यापेक्षा ह्याची चंगळ आहे. जळतात लोक.

२१ ऑक्टोबर, बुधवार
गार टोक गार होत नाही. गरमकडे बत्तीस, गारकडे तीस. खोलीच छोटी, त्यात दिवा जास्त तापतो. हौद रुंदीत आणखी दीड फूट वाढवला. आता दारापासून खिडकीपर्यंत दीड फुटाची वाट उरते. कासव बघायला तेवढी पुष्कळ झाली. कपाट पॅसेजमध्ये काढलं. घरमालकीण कुरकुरली. तिला कलेतलं काय कळतंय?

२४ ऑक्टोबर, शनिवार
बायकोचा फोन. लेकीसाठी काय काय तयारी केली, असं विचारत होती. सगळी, म्हटलं. दोन्ही थर्मामीटरचे आकडे वाचून दाखवले. तिने फोन ठेवून दिला. हरली की फोन ठेवायचा ही तिची जुनी खोड.

२८ ऑक्टोबर, बुधवार
डोळे उघडे. पानं भराभर खातंय. वजन चौदा ग्रॅमने वाढलं. डॉक्टरीणबाई चक्क शाबास म्हणाल्या. नाकावर टिच्चून पास झालो! मला कुणाची काळजी घेता येत नाही म्हणे.

३१ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळी ५.४०
लेक चारला आली. पाठीला दप्तर, काखेत स्वतःची उशी. बायको दारातूनच वळली.

लेक त्या दीड फुटाच्या वाटेत गुडघ्यांवर बसली. कासव चालत तिच्या हातापाशी आलं. मस्त झालंय बाबा, असं दोनदा म्हणाली. गेल्या वर्षभरात मी इतका खूश झालो नव्हतो. तिला माती दाखवली, दिवा दाखवला, कोपरे दाखवले.

मग ती उठली, किचनमध्ये जाऊन आली आणि तिने विचारलं, मी कुठे झोपू?

मी टेप काढला. खरंच काढला. माझी गादी तू घे, मी इथे वाटेत झोपतो, असं म्हटलं. ती म्हणाली, मावणार नाहीस रे तू. रागावली नाही. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

तिने आईला फोन लावला. बायको गेलीच नव्हती, खाली गाडीत बसून होती.

कासवालाही ने, असं मीच म्हटलं. लेकीने नाही म्हणून मान हलवली. राहू दे, म्हणाली, त्याला इथे जागा आहे. उशी घेऊन गेली.