टाइप करणारीची आद्याक्षरे

प्रिय अँब्रोजदादा,

१४ मार्च १९६८, दुपारचे चार. परराष्ट्र खात्यात तू साहेब होतास, मी टंकलेखिका. तू सांगितलेस आणि मी टाइप केले, "बेटावर कायमचे कोणी राहत नाही."

ती गुप्त फाइल आता खुली झाली. काल लंडनच्या अभिलेखागारात माझ्या शेजारी त्याच बेटावरून हाकललेली ल्युसेट बसली होती. तिने कागदाच्या तळाशी, टाइप करणारीच्या आद्याक्षरांवर बोट ठेवले.

"बाई, ही हि. क. कोण हो? आम्ही काय खेकडे होतो?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले. कॉन्व्हेंटात शिकून धडधडीत खोटे!

तुझा गुडघा कसा आहे? मी बरी आहे, पण झोप नाही.

शुक्रवारी तिला माझे नाव सांगणार आहे. तुझेही मीच सांगू, की तू तिची माफी मागशील? फोन नको. गुरुवारच्या टपालाने लेखी उत्तर हवे.

तुझी शरमिंदी बहीण,
हिल्डा कल्शॉ