पास दिल्यावर

मार्लसी, २० ऑक्टोबर १९६८

प्रिय मेविस,
स. न. वि. वि.

घर लागलं एकदाचं. खोकी अजून जिन्याखालीच आहेत, पण किटली सापडली म्हणजे घर लागलं, असा आयरीनचा हिशेब. जिल नव्या शाळेत जायला लागली. सातव्या वर्षी तिसरी शाळा. पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, तर तिने नाव सांगून आधीच्या दोन शाळांचीही माहिती दिली, नोकरी मागायला आल्यासारखी. बाई हसल्या म्हणे. आयरीनला मात्र हसू आलं नाही.

फुटबॉलचं विचारशील तर काय सांगू? बारा वर्षांत हा माझा पाचवा क्लब, आणि मैदानाच्या बाबतीत माझं नशीब फुटकंच. इथे समुद्र जवळ, त्यामुळे गवताखाली नुसती वाळू. बॉल टप्पा घेतो आणि भलतीकडेच जातो. मागच्या क्लबात चिखल होता, त्याच्या आधी उतार होता. मी मधल्या फळीतला माणूस, चाळीस यार्डांवरून दुसऱ्याच्या बुटावर बॉल ठेवतो, हीच माझी भाकरी. आता बूटच सापडेनासे झालेत. आमचे मॅनेजर मिस्टर कॅटरमोल नुसते बघतात आणि वहीत काहीतरी लिहितात.

करार एकाच वर्षाचा आहे. मे महिन्यात क्लबची यादी निघेल, कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं त्याची. आयरीनने सांगून टाकलंय की ठेवलेल्यांत माझं नाव नसलं तर ती जिलला घेऊन आईकडे राहील, पुढच्या गावी मी एकट्याने जावं. भांडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. कपडे इस्त्री करता करता म्हणाली.

बाबांना नमस्कार सांग. ते विचारणार नाहीत, तरी सांग. तुझी माया आहे तेवढीच राहू दे, वाढवलीस तर उपदेशही वाढेल.

तुझा भाऊ,
ट्रेव्हर

---

केलशॉ, ९ डिसेंबर १९६८

चि. ट्रेव्हर यास,
अनेक आशीर्वाद.

तूही रेडिओ ऐकला असशीलच. आम्ही बिस्किटांच्या कारखान्यात दुपारच्या सुटीत चाळीस बायका एका रेडिओभोवती बसलो होतो. कपच्या तिसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या. केलशॉ टाउन विरुद्ध मार्लसी, ४ जानेवारी, आमच्या मैदानावर. तुझं नाव रेडिओवाल्याने घेतलं नाही, पण चाळीस बायकांनी माझ्याकडे वळून बघितलं. एकीने विचारलं की त्या दिवशी मी कोणाच्या बाजूने ओरडणार. मी म्हटलं, मी टाउनची. भावाने बारा वर्षांत पाच क्लब बदलले, मी एकही बदलला नाही.

घरी जाण्याआधी मैदानावर गेले. बाबा गोलाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून गवताचे चौकोन बसवत होते. बातमी सांगितली. म्हणाले, जानेवारीत तिथे पाणी साचतं, आताच बघायला हवं. एवढंच. पण चहाला बसले तेव्हा साखर दोनदा घातली आणि तसाच प्यायले. बावीस वर्षं हे मैदान राखणारा माणूस, आणि त्यावर त्यांचा मुलगा पहिल्यांदाच पाहुणा म्हणून येणार.

आयरीनने इस्त्री करताना सांगितलं म्हणजे खरंच सांगितलं, हे लक्षात ठेव. जिलला पापा. आमच्यावर लोभ असला तर असू दे, त्या दिवशी गोल मात्र करू नकोस.

तुझी,
मेविस

---

मार्लसी, १३ डिसेंबर १९६८

प्रिय मेविस,
स. न. वि. वि.

हे पत्र बाबांसमोर वाचू नकोस.

काल कॅटरमोलने बोलावून घेतलं. म्हणाला, हिंडल, तू नक्की काय खेळतोस ते मला अजून कळलेलं नाही. केलशॉला तुझं घर आहे, ते मैदान तुला पाठ आहे, तिथे मला कळू दे. म्हणजे माझा मे महिना ४ जानेवारीलाच ठरणार.

तुमच्या टाउनचं मला माहीत आहे. वरच्या डिव्हिजनचा क्लब आला की तुमचे मॅनेजर सोवर्बी मैदानात पाणी सोडतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी अग्निशमन दलाची नळी आणली होती, हे तूच हसत हसत लिहिलं होतंस. त्या राबडीत बॉल पडला की तिथेच रुतून बसतो. ढकलाढकली करणाऱ्यांचं काम होतं, आणि माझ्यासारख्याने नुसते बूट धुवायचे.

बाबांना एवढंच सांग की पाणी सोडू नका आणि गवत बारीक कापा. मी फुकटचं काही मागत नाही. एकदा, फक्त एकदा, मला सरळ मैदान हवंय. झोप लागत नाही. जेवताना पाय टेबलाखाली हलत राहतो, जिल त्यावर पाय ठेवून तो थांबवते.

थोडी माया उधार दे, परतफेड करीन.

ट्रेव्हर

---

केलशॉ, १९ डिसेंबर १९६८

चि. ट्रेव्हर यास,
अ. आ.

तुझा निरोप मी सांगितला, आणि सांगितल्याचा मला राग आला आहे.

सोवर्बी आधीच येऊन गेले होते. सामन्याआधी बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस नळी चालू ठेवायची असं त्यांनी फर्मावलं. बाबा म्हणाले, शनिवारचे दीड तास मैदान तुमचं, बाकीचा आठवडा ते माझं आहे. सोवर्बी म्हणाले, आणि घर कोणाचं आहे? घर क्लबचं आहे हे तुला ठाऊक आहे. बाबा रोलर ढकलत निघून गेले.

आता अख्खं गाव पाण्याच्या मागे लागलंय. खाटकाकडे गेले तर तो सॉसेज बांधता बांधता विचारतो की तुझा म्हातारा नळी कधी उघडणार. चिप्सच्या दुकानात रांगेतले लोक मला ऐकू जाईल असं बोलतात की पोटच्या पोरासाठी मैदान सुकवणार बघा. आणि तू तिकडून लिहितोस की तू फुकटचं काही मागत नाहीस. बाबांनी पाणी सोडलं तर मुलाचं वाईट केलं, नाही सोडलं तर गावाचं. असा पेच बापापुढे टाकून तू झोप लागत नाही म्हणतोस?

यापुढे जे सांगायचं ते त्यांना थेट लिही. त्यांना वाचता येतं.

रागावले म्हणून माया आटली असं समजू नकोस.

मेविस

---

मार्लसी, २२ डिसेंबर १९६८

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मेविस माझ्यावर चिडली आहे आणि तिचं बरोबर आहे. तरीही लिहितो.

बाबा, मी वाईट खेळाडू नाही. तुम्हीच मला त्या मैदानावर कोपऱ्यातल्या झेंड्याखाली टोपी ठेवून त्यावर बॉल टाकायला शिकवलंत. शंभरातले सत्तर पडायचे. पण ज्या ज्या क्लबात गेलो तिथे मैदानाने माझा घात केला. लोकांना वाटतं माझा पाय एका गावी ठरत नाही. मला ठरायचं आहे. सरळ जमीन मिळाली तर मी काय आहे ते दिसेल, आणि मग कोणी मला सोडणार नाही. आयरीन मला सोडून जाईल अशी भीती वाटते. हे मी अजून कोणालाही बोललो नाही.

तुमचं घर जाईल असं काही करू नका. पण जमत असेल तर करा.

आपला,
ट्रेव्हर

---

केलशॉ, २९ डिसेंबर १९६८

चि. ट्रेव्हर,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला पत्र लिहिण्याची सवय नाही.

मैदान जसं असायला हवं तसं असेल. तू सांगितलंस म्हणून नाही, आणि सोवर्बींनी सांगितलं म्हणून दुसरं काही होणार नाही. चांगल्या मैदानावर जो चांगला खेळेल त्याने जिंकावं. गरम मोजे आण.

विल्फ्रेड हिंडल

---

केलशॉ, ५ जानेवारी १९६९

प्रिय आयरीन,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तू क्लबच्या ऑफिसात फोन केलास, पण तिथे सगळे टेबलांवर चढून गात होते, मला तुझं धड ऐकू आलं नाही. ट्रेव्हर घरी येऊन काही बोलत नाही म्हणालीस, म्हणून सगळं लिहिते.

मैदान मी जन्मात इतकं सुंदर पाहिलं नव्हतं. एक थेंब पाणी नाही, गवत एकसारखं. आमच्या लोकांनी आत येताना बाबांना शिव्या घातल्या. बाबा कुंपणाशी टोपी खाली ओढून उभे राहिले. पहिल्या अर्ध्यात ट्रेव्हरने तीन असे पास दिले की शिव्या देणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कोणाला सांगू नकोस. पण पुढे कुणास ठाऊक काय झालं. पासष्टाव्या मिनिटाला त्याने मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला बॉल टाकला, आमच्या संघातल्या, एरवी घरोघरी कोळसे पोचवणाऱ्या पोराने तो मध्येच अडवला, आणि बघता बघता गोल. एक-शून्य. लगेच कॅटरमोलनी ट्रेव्हरला बाहेर बोलावून बारा नंबरच्या बदली खेळाडूला आत धाडलं. टाउन जिंकलं. ट्रेव्हर बाबांच्या समोरून गेला, पण वर बघितलं नाही त्याने.

बाबांचं घर वाचलं. सोवर्बी आज वर्तमानपत्रवाल्यांना सांगत होते की कोरडं मैदान ही मूळची त्यांचीच कल्पना.

आम्ही जिंकलो आणि मी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. तुझ्या निर्णयात मी पडणार नाही. फक्त मे महिन्यापर्यंत थांब एवढी विनवणी. जिलला आणि तुला भरभरून प्रेम.

मेविस

---

केलशॉ, १२ जानेवारी १९६९

चि. ट्रेव्हर,
आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहितो.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाताळं घेऊन मैदानात जातो, उखडलेली ढेकळं परत बसवायला. तू लहान असताना बरोबर यायचास. तेव्हा जमिनीवर सगळं लिहिलेलं असतं. पळणाऱ्याचा ठसा चवड्याचा उठतो, उभा असलेल्याचा टाचेचा. तुझी डावी टाच बाहेर वळते, म्हणून तुझे ठसे ओळखू आले.

टाचेचे खड्डे एकोणीस भरले. एकाही खड्ड्यापासून पुढे पळाल्याचा माग नाही. तू पास देतोस आणि तिथेच उभा राहून तो बघत बसतोस. बॉल तुझ्याकडे परत यायला वाटच राहत नाही, आणि ज्याला तू अडवायचं तो माणूस मोकळा पळतो. गोल तसाच झाला.

गाव बदलताना तुझा पाय ठरत नाही आणि मैदानात तो हलत नाही. बाकीच्या पाच मैदानांचं मला माहीत नाही. हे माझं होतं. यात खोट नव्हती.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. रागावलास तरी चालेल.

विल्फ्रेड हिंडल

---

मार्लसी, ११ मे १९६९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चार महिने लिहिलं नाही, माफ करा. रागावलो होतो. तुमचं पत्र वाचून मी क्लब सोडण्याचा अर्जही लिहिला, आणि आठवडाभर तो कोटाच्या खिशात घेऊन हिंडलो. कॅटरमोलने मला राखीव संघात टाकलं होतं. फेब्रुवारीतला मंगळवार, भिजट वारा, प्रेक्षक पन्नास आणि एक कुत्रं. तिथे निव्वळ तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून मी पास दिला की पळायला लागलो. पहिले तीनदा काही झालं नाही. चौथ्या वेळी बॉल माझ्याकडे परत आला. बाबा, मी दचकलो. बारा वर्षं पोटासाठी हा खेळ खेळतोय, आणि दिलेला बॉल परत येतो हे मला अंगाने माहीतच नव्हतं. त्याचं काय करायचं ते न कळून मी तो सरळ बाहेर मारला.

मग शिकलो. धाप लागायची, तरणी पोरं आजोबा म्हणून चिडवायची. मार्चअखेर पहिल्या संघात घेतलं. काल यादी आली. पाकीट आयरीनने फोडलं, माझ्याने होईना. नाव आहे. एकच वर्ष, पण आहे. ती उठून पुढच्या खोलीतल्या पडद्यांचं माप घ्यायला लागली. जिल सप्टेंबरातही त्याच शाळेत जाणार.

आता एक विचारतो, मनात राहिलंय. तुम्ही मला नवव्या वर्षापासून खेळताना बघत आलात. मग हे मी तिशीला टेकेपर्यंत का सांगितलं नाहीत? सतराव्या वर्षी सांगितलं असतंत तर कदाचित पाच गावं फिरावी लागली नसती. तक्रार नाही. खरंच नाही. पण उत्तर हवंय.

आपला,
ट्रेव्हर

---

केलशॉ, १८ मे १९६९

चि. ट्रेव्हर,
आशीर्वाद.

यादीचं वाचून बरं वाटलं. मेविसने पत्र कारखान्यात नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं.

तू विचारलंस त्यावर आठवडाभर बी पेरताना विचार केला. मी तुझ्यापासून काही लपवलं नाही. मला ते माहीतच नव्हतं. तुझ्या पायातून बॉल सुटला की माझी नजर त्याच्याबरोबर जायची. तो कसा जातो, कुठे उतरतो. इतका छान जायचा की मला दुसरं काही दिसायचंच नाही. पास दिल्यावर तू काय करतोस, हे मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नाही. जमिनीने दाखवलं तेव्हा कळलं.

सप्टेंबरात एका शनिवारची रजा मागितली आहे. बावीस वर्षांत पहिलीच. सोवर्बी देतो म्हणाले. आगगाडीने मार्लसीला येईन. आयरीनला सांग, मला कुठेही झोपायला चालेल.

या खेपेस बॉलकडे बघणार नाही.

तुझा बाप,
विल्फ्रेड हिंडल