मनातलं टेबल आखूड पडलं

प्रिय पंकजा,

आठवतंय, होस्टेलच्या जेवणघरात ताटं उचलली की आपण कोपऱ्यातलं सहाजणींचं टेबल पुसायचो, मधे ॲटलास उभे करून जाळी करायचो आणि वॉर्डन सिस्टर येईपर्यंत खेळायचो? चेंडूला वरणाचा वास यायचा. जिंकायचीस तू, वर वेणी माझी ओढायचीस. असो. तुला सलाम, गुडघ्यांना नमस्कार. दोघे कसे आहेत? (माझा डावा बोलतो, उजवा ऐकून घेतो.)

आमच्या केडगावच्या सोसायटीत टेबल टेनिसचं टेबल आलं आणि ज्येष्ठ महिलांची स्पर्धा निघाली. आयुष्यात एक तरी सामना जिंकावा म्हणून मीही नाव दिलं. सूनबाई कैनातने मोबाईलवर शोधलं, की मोठे खेळाडू डोळे मिटून अख्खा सामना मनात खेळतात आणि हात आपोआप शिकतो. घाम नाही, धाप नाही. मला फारच पटलं.

फक्त हात मनात राहीना. बँकेच्या रांगेत डोळे मिटून असा फोरहँड मारला, की पुढच्या गृहस्थांची टोपी थेट खिडकीतून कॅशियरकडे. घरी भांडी घासता घासता चांगुणा ओरडली, "बाई, हात कुनावर उगारताय? म्या काय केलं वं?" आमचे जैनुद्दीनसाहेब तर हल्ली चहा समोर ठेवून दोन पावलं मागे सरकतात.

त्यात समोर प्रतिस्पर्धी आणायची म्हटलं, की लाल रिबिनी बांधून तूच हजर! मी मनातसुद्धा हरायचे. कैनात वैतागली, "अम्मी, मन तुमचं, चेंडू तुमचा, मग हरता कशाला?" शेवटी मी तुला मनातल्या मनात गोवर आणला, तेव्हा कुठे जिंकले. (माफ कर. आता बरी आहेस.)

प्रत्यक्ष सामना निवृत्त नर्स जयाताईंशी झाला. माझा हात अगदी सरावाप्रमाणे सुंदर फिरत होता, पण चेंडू जाळीपर्यंत पोचेचना. माझ्याच बाजूला टप्पा खाऊन शरमल्यासारखा लोळायचा. शिवाय आता डाव अकरा गुणांनाच संपतो! मी एकवीसच्या हिशेबाने निवांत; पदर खोचतेय तोवर जयाताई हात मिळवायला पुढे.

घरी आल्यावर कैनातने विचारलं, "डोळे मिटल्यावर टेबल कसं दिसतं?" मी सांगितलं, कोपऱ्यात पाण्याचा जग, मधे ॲटलास. ती हसत हसत जमिनीवरच बसली. इतके दिवस मी सिस्टरांच्या जेवणाच्या आखूड टेबलावर सराव करत होते गं!

तर हौस फिटली. बाकी क्षेम.

तुझी,
अंजुम

ता. क. – दुहेरीचा सामना पुढच्या रविवारी आहे. जोडीदार म्हणून तुझं नाव दिलंय. भावजी गेल्यापासून तू राहाता गावाबाहेर पडली नाहीस आणि फोनवर नुसतं "बघू" म्हणतेस, म्हणून विचारलं नाही. तुला समोरून उचलून माझ्या शेजारी उभं केलं, तेव्हापासून मी मनात एकदाही हरलेले नाही.

आणखी एक – आमच्या लेकाबरोबर, रिझवानबरोबर, पिशवी पाठवतेय. शेवया तुझ्या सूनबाईला, निकिताला. शेंगदाण्याची चटणी नातवाला, ओंकारला. लपवून ठेव, थोडी थोडी दे, नाहीतर रात्रीतून संपवेल. बॅट तुला, पण ती इथे येऊनच वापरायची. रिकाम्या गाडीने परत यायचं नाही असं रिझवानला बजावलंय. जिंकलो तर कप तुझ्या घरी. हरलो तर तुझी वेणी, उरली असेल तेवढी, मला.