फॉल लावलेली साडी

३ ऑक्टोबर १९९८

आले एकदाची सुरतेला! लग्नाला वर्ष होत आलं आणि संसार आत्ता कुठे सुरू होतोय. श्रीरंग फलाटावर हजर होता, हातात सुरती लोचोचा, म्हणजे मऊ ढोकळ्याचा, पुडा घेऊन. नवरा आधी की लोचो आधी, असं झालं मला!

घर नानपुऱ्यात, तळमजल्यावर. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे छोटा ओटा. तापीचा पूर ओसरून पंधरवडा झाला तरी भिंतीवर माझ्या खांद्याइतकी चिखलाची रेघ आहे. मालकांनी चुना मारलाय, त्यातूनही ती दिसते. वास असा की नाकाला पदर लावूनच घर पाहिलं. श्रीरंग म्हणाला, तुझ्यासारखी सोवळी बाई आली, आता सुरतेचं काही खरं नाही. मी त्याला आल्या पावली फिनेल आणायला पिटाळलं.

माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच करायचं ठरलंय. सातवा लागलाय. बाळ सारखं लाथा मारतं. नुसती धमाल.

६ ऑक्टोबर

आज चंदनी पडवो, इथला कोजागरीनंतरचा सण. सगळी गल्ली ओट्यांवर बसून घारी, म्हणजे तुपात थिजवलेली माव्याची मिठाई, खात होती. गटारातून काळं पाणी वाहतंय आणि त्याच्या काठावर बसून ही माणसं तुपाची बोटं चाटतायत! मला एक घास गिळवेना. तुपालाही कुजकट वास येत होता.

भांड्याला इंदुबाई मिळाल्या. खानदेशातल्या, लिंबायतला राहतात. सकाळी आमच्याकडे येतात आणि दुपारी श्रीरंगच्या शेठच्या गोडाऊनमध्ये साड्यांच्या घड्या घालतात. बोलणं रोखठोक. माझं घासणं-पुसणं पाहून त्या हसतात. हसू देत.

१० ऑक्टोबर

श्रीरंगबरोबर गोडाऊनच्या गच्चीवर जाऊन आले. तळघरात भिजलेला सगळा माल धुऊन, खळ देऊन दोऱ्यांवर टाकलाय. पुराचा माल म्हणून तो विकायचा. शेठनी नोकरांना दिवाळीची एकेक साडी उचलायला सांगितलंय. मी हिरवीगार निवडली, डोहाळजेवणाला हिरवीच हवी ना! घरी येऊन पाहते तर खाली फॉल लावलेला, कडाही शिवलेल्या. माझं शिवणकाम वाचलं म्हणून अशी खूश झाले!

गरम पाण्यातून कितीदा तरी काढली, पण दर वेळी पाणी गढूळच. किळस आली, तरी सोडवेना. रंगच इतका सुंदर.

१४ ऑक्टोबर

डोहाळजेवण झालं. शेजारणींनी हौसेने ओटी भरली. पण साडी कालपासून उन्हात असूनही नेसल्यावर थंडगार, ओली लागली. मी उठले तर पाटावर ओला डाग. निऱ्या खोचल्या तिथे कमरेला बारीक गाळ. सगळ्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडी नेसल्यापासून बाळ हललं नाही. संध्याकाळी सोडली तेव्हा हललं.

इंदुबाईंनी काठ हातात घेतला, फॉल पाहिला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. म्हणाल्या, "माय, नव्या लुगडाले फॉल कोठे ऱ्हास? हाई कोनी तरी नेसेल शे."

नवी साडी फॉल लावून येत नाही, ही कुणाची तरी नेसलेली. मला हे माहीत नव्हतं का?

१५ ऑक्टोबर

इंदुबाईंनी गोडाऊनमध्ये विचारून आणलं. पाणी उपसताना तळघरात, गाठोड्यांच्या खाली एक बाई सापडली होती. नदीने कुठून आणली कोण जाणे. दिवस भरलेले. कुणी ओळख पटवायला आलं नाही. ओढताना लुगडं मजुरांच्या हातात आलं, ढिगात पडलं आणि बाकीच्या साड्यांबरोबर धुतलं गेलं.

मला भडाभडा उलटी झाली. ते माझ्या अंगाला लागलं होतं. पोटाला.

इंदुबाई म्हणाल्या, तुझ्या हातानेच त्या लुगड्याची खणानारळाने ओटी भर, तापीत सोड, तिची माफी माग. ती रिकाम्या ओटीने गेली आहे, बाळाविना. मी ते पुन्हा हातात धरू? शक्य नाही. श्रीरंगला चिमटा दिला, पिशवी दिली आणि नदीत टाकून ये म्हटलं. मग अंग लाल होईपर्यंत घासत बसले.

१९ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. करंजी चावली तर दातांखाली रेती. पाण्यातही. थुंकी करडी पडते.

पोटावर, बेंबीच्या खाली एक रेघ उमटलीय. पुसली. परत आली, बोटभर वर.

२२ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके उत्तम आहेत, रेघ तर सगळ्यांनाच येते. उभी येते हो. माझी आडवी आहे, भिंतीवर आहे तशी.

बाळ लाथ मारत नाही आता. डुचमळतं. कूस बदलली की पोटात पाणी हेलकावतं. मला माझ्याच पोटाची शिसारी येते. कुणाला सांगू हे?

२५ ऑक्टोबर

रेघ बेंबीच्या वर गेली.

श्रीरंगने कबूल केलं. नदीपर्यंत गेलाच नव्हता. गल्लीतल्या लोकांनी घरातला गाळ उपसून कोपऱ्यावर ढीग लावलाय, त्यात पिशवी टाकून आला. म्हणाला, एका साडीचं काय एवढं! मी ताट भिरकावलं. इंदुबाईंना म्हटलं, आता भरते ओटी, चला. त्या कोपऱ्यापर्यंत आल्या. ढिगावर माश्या, किडे, वर मेलेली घूस. मी — नाही घालू शकले हात. परत आले.

२७ ऑक्टोबर

रेघ छातीखाली. श्वास लागतो.

बाळ अजिबात —

इंदुबाईंनी पोटावर हात ठेवला आणि रडल्या.

२८ ऑक्टोबर, सकाळ

कळा. इतक्या लवकर — श्रीरंग रिक्षा आणायला गेलाय.

गाळ आला. नुसता गाळ. काळा, थंड. येतच राहिला — घमेलंभर —

आणि पोट सपाट.

बाळ नाही. सगळा गाळ चिवडून पाहिला. नाही.

रडतंय. कोपऱ्यावर. ढिगातून — इंदुबाई म्हणतात, काही ऐकू येत नाही, पडून राहा. मला येतंय ना! माझंच आहे. त्या बुडालेल्या बाईने घेतलं, तिला धरता येत नाही नीट, ते गुदमरतंय —

जाते. चप्पल नको, फावडं नको, त्याला लागेल. हातांनीच. कोपरापर्यंत, तोंडापर्यंत, कितीही घाण असू दे, मी —