डोंगर पेटवणारा राजा

मियानशान डोंगराचा पायथा, चीन
४ एप्रिल २०११, थंड अन्नाचा सण

चि. युनश्यूस,

दादाचे आशीर्वाद. गुडघे सोडले तर आई ठणठणीत आहे. जर्दाळू फुललाय.

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही लेक दिएपचा प्रश्न घेऊन: या सणाला हे गोड गोळे का खायचे? तुमच्या हनोईत तांदळाच्या गोळ्यात गुळाचा खडा घालून उकळतात म्हणे. थंड अन्नाचा सण, आणि चूल पेटलेली! कोरियातही या सणाला पूर्वजांच्या थडग्यांवर जातात. पण मूळ गोष्ट आपल्या डोंगरातली. दिएपला सांग.

परागंदा राजपुत्राला ज्ये नावाच्या नोकराने स्वतःच्या मांडीचं मांस खाऊ घालून जगवलं. राजपुत्र राजा झाला आणि त्याला विसरला. ज्ये म्हाताऱ्या आईला घेऊन डोंगरात निघून गेला. राजाला उशिरा उपरती झाली. ज्ये सापडेना, म्हणून त्याने तीन बाजूंनी रान पेटवलं. धुराने तरी बाहेर येईल! मायलेक वाळुंजाच्या झाडाखाली जळालेले सापडले. म्हणून आज चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं.

शाळेत तीस वर्षं ही गोष्ट सांगताना मी राजाला नावं ठेवली. आणि तू परस्पर हनोईत लग्न केल्याचं कळल्यावर मीच तुला लिहिलं, 'छिंगमिंगला थडगी झाडायच्या आत परत ये, नाहीतर घरी राहिलेली तुझी पेटी जाळीन.' वाटलं, धावत येशील. तू आली नाहीस. मी जाळली.

एवढं तुला ठाऊक आहे. पेटीत आईने तुझ्या लग्नासाठी शिवलेलं लाल जाकीट होतं, हे नाही. आईला मी सांगितलं, हनोईला धाडलं. सहा वर्षं ती विचारते, "बसलं का रे तिला?" मी म्हणतो, "छान बसलं."

सणासाठी काल वाफवून ठेवलेली कणकेची पाखरं आज खाताना आईने तुझं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. म्हणाली, "जाकिटाचं एक अक्षर नाही?" मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

तिने हातातलं खाणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मास्तर झालास, पण अक्कल राजाचीच! स्वतः डोंगर चढून हाक मारायची होती, मेल्या. आग कसली लावतोस?" मग तिने दिएपच्या जाकिटासाठी लाल कापड काढायला लावलं. सुईत दोरा मी ओवून दिला.

युनश्यू, मला माफ कर. फार लाज वाटते. उद्या थडगी झाडून झाली की पासपोर्टच्या मागे लागतो. घरात घेतलं नाहीस तरी चालेल, रस्त्यावरून हाक मारीन. ओ देणार असशील, तर दिएपच्या बाहीचं माप कळव.

डोंगर चढायला निघालेला,
तुझा दादा