योशिनो नव्हे, अकेबोनो

१२ एप्रिल १९८६, शनिवार
उद्या मला पाहायला प्रसन्न नावाचा मुलगा येणार. घरी नाही — इथं अमेरिकेत, नूअर्कच्या बागेत, फुललेल्या चेरीखाली! शैलामावशीची आयडिया. "पोहे कुणीही करतं. तू झाडं दाखव." लायब्ररीचं पुस्तक परत वाचलं. चेरीच्या जाती: योशिनो पांढरी, पाच पाकळ्यांची. क्वान्झान गडद गुलाबी, भरगच्च, उशिरा फुलणारी.

१३ एप्रिल
मावशी "गाडीत बसते" म्हणाली आणि झुडपामागे दिसली! प्रसन्न उंच, जरा वेंधळा. प्रत्येक झाडापाशी, "आणि ही?" मी सांगत सुटले. म्हणाला, "आंब्यात हापूस-पायरी करतो आपण, पण चेरी म्हणजे नुसती चेरी वाटायची!" पडलेलं एक फूल त्यानं पाकिटात ठेवलं. "योशिनो ना?" मी म्हणाले, "हो." ठामपणे!

१४ एप्रिल
योशिनो नव्हती!! पाकळीला गुलाबी झाक होती — म्हणजे अकेबोनो, योशिनोसारखीच दिसणारी दुसरी जात. तो पाकिटात खोटं नाव घेऊन फिरतोय.
आप्पांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. त्यांचा नियम: उत्तर चुकलं, की ज्याला सांगितलं त्याला गाठून दुरुस्त करायचं. एकदा पोस्टमनमागे धावत जाऊन सांगितलं होतं — कावळ्याची अंडी पांढरी नसतात, निळसर असतात!
मावशी म्हणते, "खबरदार फोन केलास तर! मुलीकडून आधी फोन गेला की होकारच धरतात."
पण झाडाबद्दल बोलण्यात होकार कसला?

१५ एप्रिल
झोप नाही. गुलाबी झाक, गुलाबी झाक.

१६ एप्रिल
मावशी ग्रोसरीला गेल्यावर केलाच फोन. त्याच्या आईनं उचलला.
"प्रसन्न ऑफिसात आहे गं. काय सांगू?"
"काकू, ती योशिनो नव्हती, अकेबोनो होती."
त्या आत वळून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का! मुलीचा स्वतःहून फोन!"
"काकू, झाडाबद्दल—" म्हणेपर्यंत मागून काका विचारत होते, साखरपुडा इथं की पुण्याला?
परत आल्यावर हे ऐकून मावशी हसून हसून खाली बसली. "आता कर दुरुस्त! आप्पांची मुलगी ना तू?"

१७ एप्रिल
प्रसन्नचा फोन. "सॉरी हं, आईनं पेढ्यांना दूध आटवायला घेतलंय. मी क्लिअर करतो सगळं. पाकिटातल्या फुलाचं नाव मात्र बदललं."
म्हटलं, "चूक माझी. दुरुस्त मीच करते."
"बरं," म्हणाला. जरा हिरमुसून.

१८ एप्रिल
नाही केली दुरुस्त. आणि रात्री काय छान झोप लागली!