बारावी बरणी

१ नोव्हेंबर
ताई, माझ्यासारखीने रोजनिशी लिहावी हे धारिष्ट्यच. वही तू दिलीस म्हणून लिहिते, चुकल्यामाकल्याची क्षमा असावी. नोकरी लागली! वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना संग्रहालयात मदतनीस. उंच खिडक्या, लखलखीत काचा, डोळे चुरचुरवणारा फॉर्मालिनचा वास. प्रमुख डॉक्टर वयस्कर आणि मृदुभाषी आहेत. माझे अक्षर पाहून ते म्हणाले, की बरण्यांवरच्या चिठ्ठ्या आता मीच लिहायच्या. शाळेतल्या सुवाच्य अक्षराच्या बक्षिसाचे अखेर चीज झाले.

४ नोव्हेंबर
माझ्या मेजासमोर अवटु ग्रंथींच्या, म्हणजे लोक ज्यांना थायरॉईड म्हणतात त्यांच्या, अकरा बरण्या आहेत. फुलपाखरासारखे दोन खंड, मधे अरुंद पट्टी. एकेक खंड सुमारे पाच सेंटीमीटर लांब, दोन रुंद. एका ग्रंथीचे वजन पंधरा ते पंचवीस ग्रॅम. एकही सुजलेली नाही. डॉक्टर अभिमानाने म्हणाले, की गलगंड कोणीही मिळवील. निरोगी ग्रंथी मिळवणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

८ नोव्हेंबर
कर्मचाऱ्यांची मोफत तपासणी म्हणून डॉक्टरांनी माझ्या गळ्याची सोनोग्राफी केली. अठरा ग्रॅम भरेल, अगदी आदर्श, असे म्हणून ते समाधानाने हसले. झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगितले, तर त्या म्हणाल्या, की पहिला नंबर काढायची खोड इथेही सुटली नाही वाटतं बाईसाहेबांची! मात्र त्यानंतर त्या माझ्याकडे पाहीनाशा झाल्या.

१० नोव्हेंबर
डॉक्टरांनी सांगितली तशी नवी चिठ्ठी लिहिली: स्त्री, वय तेवीस, वजन अठरा ग्रॅम. तारखेची जागा कोरी ठेवायला सांगितली. वय माझेच, वजनही. योगायोग असावा.

१३ नोव्हेंबर
मनात शंकेची पाल चुकचुकते आहे. शस्त्रक्रियेत काढतात ती बिघडलेली ग्रंथी. धडधाकट माणसाची कोण काढील? देहदानाची नोंदवही चाळली. या अकरांपैकी तीत एकही नाही. सगळ्या चिठ्ठ्यांवर स्त्री, वय बावीस, तेवीस, चोवीस. आणि अकरा चिठ्ठ्यांवर अकरा वेगवेगळी अक्षरे.

१७ नोव्हेंबर
कपाटातले जुने हजेरीपट काढले. माझ्याआधी अकरा मदतनीस. त्यांची अक्षरे चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली. तीच. जिची सही ज्या दिवशी थांबली, तिच्या चिठ्ठीवर तीच तारीख — प्रत्येकीने आपापली चिठ्ठी स्वतःच —
आणि मी माझी लिहिली आहे. शुद्धलेखन तपासून.

१९ नोव्हेंबर
राजीनामा दिला. डॉक्टरांनी वाचला, दोन मिनिटे बस म्हणाले, बाहेर गेले. बाहेरून कडी लागली. मावशींच्या बांगड्या वाजल्या — त्यांनीच —
खिडक्यांना गज.
मेजावर बारावी बरणी. रिकामी, धुतलेली. तिच्यावर माझी चिठ्ठी. कोरी जागा भरली आहे, डॉक्टरांच्या अक्षरात. आजची तारीख —
ताई, पानांचे फोटो काढून पाठवते. पोलिसांना घेऊनच ये, एकटी येऊ नकोस. तूही तपासणी करून घे, असं ते म्हणतील, तर गळ्याला हात —
कडी निघते आहे —
पाठवले: १९ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटे